नेब्रास्काचे मेमोरियल स्टेडियम : आसनांचा वाद आणि संघाची उतरती कळा

गोव्यात फुटबॉल म्हटले की डोळ्यांसमोर फातोर्ड्याचे मैदान येते. अमेरिकेत याच नावाने ओळखला जाणारा खेळ मात्र अगदी निराळा आहे. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन धावतात, शिरस्त्राण घालतात आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने भिडून रोखतात. या खेळाचे व्यावसायिक संघ मोठ्या शहरांत आहेत. तथापि देशाच्या अंतर्भागात, विशेषतः शेतीप्रधान राज्यांत, लोकांची निष्ठा वाहिलेली असते ती विद्यापीठाच्या संघाला. नेब्रास्का हे अशा राज्यांपैकी एक. तेथील राज्य विद्यापीठाच्या स्टेडियममधील बाके काढून खुर्च्या बसवाव्यात की नाहीत, हा प्रश्न गेली काही वर्षे चाहत्यांमध्ये चर्चिला जात आहे. वरकरणी तो सुतारकामाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे साठ वर्षांची एक परंपरा, वीस वर्षांची पीछेहाट आणि कोट्यवधी डॉलरांचा हिशेब उभा आहे.

राज्य आणि संघ

नेब्रास्काची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार वीस लाखांच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती, हे ध्यानात घेतले म्हणजे राज्याच्या आकाराची कल्पना येते. भूप्रदेश विस्तीर्ण, वस्ती विरळ, मका आणि गुरे हा अर्थव्यवस्थेचा कणा. प्रमुख लीगमधला एकही व्यावसायिक संघ राज्यात नाही. त्यामुळे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाचा लिंकन येथील संघ हाच साऱ्या राज्याचा संघ ठरला. संघाचे नाव ‘कॉर्नहस्कर्स’, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. चाहते त्याला नुसते ‘हस्कर्स’ म्हणतात.

हंगाम शरद ऋतूतला. घरच्या मैदानावर वर्षाकाठी सात-आठच सामने होतात आणि तेही बहुधा शनिवारी. त्या दिवशी दूरदूरच्या गावांतून तांबड्या पोशाखातली कुटुंबे लिंकनकडे निघतात. सामन्याच्या वेळी स्टेडियमची लोकसंख्या ओमाहा आणि लिंकन या दोन शहरांखालोखाल राज्यात तिसऱ्या क्रमांकाची होते, असे तेथे अभिमानाने सांगितले जाते, आणि आकड्यांच्या कसोटीवर ते खरेही आहे. हरलेल्या किंवा जिंकलेल्या पाहुण्या संघाला मैदान सोडताना टाळ्या वाजवून निरोप देण्याची तेथील प्रेक्षकांची रीतही प्रसिद्ध आहे.

स्टेडियमची घडण

मेमोरियल स्टेडियम १९२३ मध्ये खुले झाले. युद्धांत सेवा केलेल्या आणि प्राण अर्पण केलेल्या नेब्रास्कावासीयांचे स्मारक म्हणून ते उभारण्यात आले. आरंभी त्यात सुमारे एकतीस हजार प्रेक्षकांची सोय होती. १९६० च्या दशकात आणि १९७२ मध्ये दोन्ही टोकांच्या बाजू बांधून ते चोहोबाजूंनी बंदिस्त करण्यात आले. पुढे १९९९ मध्ये पश्चिमेकडे धनिक प्रेक्षकांसाठी काचबंद कक्ष आले, २००६ मध्ये उत्तर बाजू वाढली आणि २०१३ मध्ये पूर्व बाजूचा विस्तार पूर्ण झाला. त्यानंतर मात्र अधिकृत क्षमता हळूहळू घटत सुमारे पंच्याऐंशी हजारांवर आली. म्हणजे नव्वद वर्षे जे स्टेडियम केवळ वाढतच गेले, त्याने गेल्या दशकात प्रथमच आक्रसायला प्रारंभ केला.

तिकीटविक्रीची अखंड परंपरा

३ नोव्हेंबर १९६२ रोजी मिझुरी विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली. प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांचा तो पहिलाच हंगाम होता. त्या दिवसापासून लिंकनमधील प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे विकली जात आहेत. अमेरिकी विद्यापीठीय फुटबॉलमध्ये ही सर्वांत दीर्घ परंपरा मानली जाते. २०२० मध्ये महासाथीमुळे प्रेक्षकांविना सामने झाले. तो हंगाम या गणनेत धरला जात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाविरुद्ध सलग चारशेवा ‘हाऊसफुल्ल’ सामना झाला. तो सामना नेब्रास्काने गमावला.

परंपरेला आधार होता तो संघाच्या पराक्रमाचा. डेव्हनी यांच्या काळात १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोन राष्ट्रीय किताब आले. त्यांचे उत्तराधिकारी टॉम ऑस्बोर्न यांनी १९७३ ते १९९७ या पंचवीस हंगामांत २५५ सामने जिंकले आणि १९९४, १९९५ व १९९७ अशी तीन अजिंक्यपदे मिळवली. १९६९ ते २००१ या काळात असा एकही हंगाम गेला नाही, ज्यात संघाने किमान नऊ विजय मिळवले नाहीत. ऑस्बोर्न पुढे राज्यातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले, यावरून प्रशिक्षकाच्या पदाला तेथे काय वजन होते हे कळते.

या काळात हंगामी तिकीट ही कुटुंबाची मिरास झाली. आजोबांच्या जागेवर नातू बसू लागला. शेजारच्या बाकावर तीस वर्षे तीच माणसे दिसत असल्यामुळे अनोळखी कुटुंबांत घरोबा जडला. आजचा वाद समजून घेताना ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. कारण बाक बदलणे म्हणजे शेजारही बदलणे.

उतरणीची वीस वर्षे

२००१ च्या हंगामात संघ अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला आणि मायामी विद्यापीठाकडून १४-३७ असा पराभूत झाला. पुढच्याच वर्षी सात विजय, सात पराभव. २००३ मध्ये नऊ विजय मिळवूनही प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना हटवण्यात आले. २००४ मध्ये, पस्तीस वर्षांत प्रथमच, हंगामाअखेरच्या निमंत्रित ‘बाऊल’ सामन्यांत नेब्रास्काला स्थान मिळाले नाही. बिल कॅलहन आले आणि गेले. त्यानंतरच्या बो पेलिनी यांनी २००८ ते २०१४ या काळात प्रत्येक हंगामात नऊ किंवा दहा सामने जिंकले. परंतु किताब दूरच राहिला आणि त्यांनाही जावे लागले. नऊ विजय अपुरे मानणाऱ्या राज्याला पुढे नऊ पराभवांची सवय करून घ्यावी लागली.

१९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून परतला, तेव्हा घरचा मुलगा घर सावरील अशी सर्वांची भावना होती. २०२१ मध्ये संघाने बारापैकी नऊ सामने गमावले, आणि तेही प्रत्येक वेळी नऊ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने. सप्टेंबर २०२२ मध्ये जॉर्जिया सदर्न या तुलनेने लहान विद्यापीठाकडून घरच्या मैदानावर ४२-४५ अशी हार पत्करावी लागली आणि दुसऱ्याच दिवशी फ्रॉस्ट यांची गच्छंती झाली. त्यांच्या खात्यावर १६ विजय आणि ३१ पराभव नोंदले गेले. २०१७ ते २०२३ असे सलग सात हंगाम संघाला बाऊल सामना मिळाला नाही. मॅट रूल यांच्या मार्गदर्शनाखाली २०२४ मध्ये ही खंडितता संपली आणि न्यूयॉर्कमधील सामन्यात बॉस्टन कॉलेजवर २०-१५ असा विजय मिळाला.

या पडत्या काळातही तिकिटे संपत राहिली, हे विशेष. मात्र ‘तिकीट विकले जाणे’ आणि ‘प्रेक्षक येणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत जाहीर केलेली उपस्थिती आणि प्रवेशद्वारावर प्रत्यक्ष तपासलेली तिकिटे यांत मोठी तफावत आढळते. २०२१ मध्ये नेब्रास्काची परंपरा टिकवण्यासाठी देणगीदारांनी उरलेली तिकिटे विकत घेतली आणि ती गरजू मुलांना वाटण्यात आली. उपक्रम स्तुत्यच होता; पण परंपरा आपल्या बळावर उभी नसून तिला टेकू लागला आहे, हेही त्यातून उघड झाले.

एवढ्यावरून विद्यापीठाचा सारा क्रीडाविभाग खालावला असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तेथील महिला व्हॉलीबॉल संघाने पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे पटकावली आहेत. ३० ऑगस्ट २०२३ रोजी याच फुटबॉल स्टेडियमच्या मध्यभागी व्हॉलीबॉलचे मैदान आखण्यात आले आणि तो सामना पाहण्यास ९२,००३ प्रेक्षक जमले. महिलांच्या क्रीडास्पर्धेसाठीचा तो जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. पुरुषांच्या फुटबॉल संघाने दोन दशके गमावलेला आनंद त्या एका संध्याकाळी राज्याला मुलींनी दिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

बाके आणि खुर्च्या यांचे गणित

जुन्या अमेरिकी स्टेडियममध्ये पाठ नसलेली लांब बाके असतात. त्यावर अंतराअंतराने आकडे रंगवलेले असतात आणि प्रत्येक प्रेक्षकाच्या वाट्याला साधारण अठरा इंच जागा येते. त्रेसष्ट फूट लांबीच्या ओळीत या हिशेबाने बेचाळीस माणसे बसतात. प्रत्येकी एकवीस इंच जागा दिली तर छत्तीसच मावतात. म्हणजे केवळ तीन इंचांसाठी एका ओळीतून सहा माणसे उठवावी लागतात. पाठ आणि हात असलेल्या खुर्च्यांसाठी पायऱ्यांची खोलीही वाढवावी लागते, त्यामुळे ओळींची संख्या घटते ती वेगळीच. आपल्याकडे कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये बाकांच्या जागी स्वतंत्र आसने आली, तेव्हा लाखाच्या वर असलेली क्षमता बरीच खाली आली, त्यामागेही हेच गणित होते.

जागा कमी करण्यामागे आणखीही कारणे आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा १९९० चा अमेरिकी कायदा नूतनीकरणाच्या वेळी चाकाच्या खुर्च्यांसाठी पुरेशी जागा आणि वाट ठेवण्याचे बंधन घालतो. मिशिगन विद्यापीठाच्या एक लाखाहून अधिक क्षमतेच्या स्टेडियमबाबत अपंग माजी सैनिकांची संघटना न्यायालयात गेली होती. २००८ मध्ये तडजोड होऊन अशा जागा वाढवण्यात आल्या. अरुंद वाटा, स्वच्छतागृहांपुढील रांगा आणि वयस्कर प्रेक्षकांचे हाल हेही खरेच आहेत.

दुसरे कारण दूरचित्रवाणी. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठीय फुटबॉलच्या प्रक्षेपणावरील केंद्रीय मक्तेदारी मोडीत काढली. त्यानंतर सामन्यांचे प्रक्षेपण वाढतच गेले. नेब्रास्का २०११ पासून ज्या ‘बिग टेन’ गटात आहे, त्याने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी सातशे कोटी डॉलरांहून अधिक रकमेचे करार केले. घरातला मोठा पडदा, सोफा आणि स्वयंपाकघर यांच्याशी अठरा इंचांच्या बाकाची स्पर्धा सुरू झाली. २००८ नंतर सुमारे दशकभर सर्वोच्च श्रेणीतील विद्यापीठीय सामन्यांची सरासरी उपस्थिती उतरत गेली.

तिसरे कारण पैशाचे. अनेक विद्यापीठांत चांगल्या जागेचे हंगामी तिकीट घेण्यापूर्वी क्रीडानिधीला वार्षिक देणगी द्यावी लागते. या देणगीच्या ऐंशी टक्के रकमेवर पूर्वी प्राप्तिकरात सूट मिळत असे. २०१७ च्या करसुधारणेने ती सूट रद्द केली. त्यामुळे मध्यमवर्गीय चाहत्याला तीच जागा एकाएकी महाग वाटू लागली. दुसरीकडे काचबंद कक्षातील मोजक्या आसनांतून मिळणारे उत्पन्न बाकांच्या अनेक ओळींपेक्षा अधिक असते. जागा कमी आणि दर चढा, हे धोरण त्यातूनच आले.

२०२३ ची योजना आणि चाहत्यांतील मतभेद

नेब्रास्काने सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे पंचेचाळीस कोटी डॉलरांची नूतनीकरण योजना जाहीर केली आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळाने तिला मंजुरी दिली. दक्षिण बाजू पाडून नव्याने बांधणे, स्टेडियमभोवती अखंड फेरी घालता येईल असा मार्ग तयार करणे, रुंद आणि पाठ असलेली आसने बसवणे हे तिचे मुख्य भाग होते. क्षमता कमी होणार हे योजनेतच गृहीत होते. तत्कालीन क्रीडासंचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स हे स्वतः नेब्रास्काचे नामवंत माजी खेळाडू. मार्च २०२४ मध्ये ते टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेले. त्यांच्या जागी आलेल्या ट्रॉय डॅनन यांनी योजना थांबवून तिचा फेरविचार हाती घेतला.

चाहत्यांमध्ये स्थूलमानाने तीन मते दिसतात. पहिल्या मतानुसार आसने रुंद व्हायलाच हवीत. सत्तरीच्या गृहस्थाने पाठ न टेकता चार तास बसावे ही अपेक्षा अवाजवी आहे, आणि पुढची पिढी तर अशा बाकांवर मुळीच बसणार नाही. पंच्याऐंशी हजार तिकिटे विकण्यासाठी दरवर्षी धडपडण्यापेक्षा पंच्याहत्तर हजार लोकांना सुखाने बसवणे शहाणपणाचे. क्षमता घटली तर विक्रीची परंपरा टिकणेही सोपे जाईल, असाही या पक्षाचा दावा असतो.

दुसरे मत याच दाव्यावर आक्षेप घेते. मापदंडच आखूड करून विक्रम टिकवायचा असेल तर त्या विक्रमाला अर्थ काय? शिवाय ज्या दहा हजार जागा जातील त्या काचबंद कक्षातल्या नसतील. त्या वरच्या ओळींतल्या, शेतकरी कुटुंबाला आणि विद्यार्थ्याला परवडणाऱ्या असतील. राज्य विद्यापीठाचे स्टेडियम, तेही लोकवर्गणीच्या बळावर उभे राहिलेले स्मारक, धनिकांचे क्रीडागृह होऊ नये, असे हे मत आहे.

तिसरे मत थोडे कठोर आहे. अखंड विक्रीच्या परंपरेनेच संघाचे नुकसान केले, असे ते मानते. संघ कसाही खेळला तरी तिकिटे संपत असतील तर व्यवस्थापनाला जाब कोण विचारणार? रिकामी बाके ही प्रेक्षकांच्या हातातली एकमेव सूचनावही असते. नेब्रास्काच्या चाहत्यांनी ती कधी वापरलीच नाही. हे मत लोकप्रिय नाही, पण ते खोडून काढणे सोपे नाही.

अन्य विद्यापीठांचे अनुभव

लॉस एंजेलिसमधील कोलिझियम या ऐतिहासिक स्टेडियमची क्षमता सुमारे साडेत्र्याण्णव हजारांवरून २०१९ मध्ये साडेसत्याहत्तर हजारांवर आली. या नूतनीकरणाला साडेएकतीस कोटी डॉलर लागले. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने सत्तर हजारांहून अधिक क्षमतेचे आपले स्टेडियम पंचावन्न हजारांच्या आत आणले.

सर्वांत बोधप्रद उदाहरण बर्कलीतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे. तेथील स्टेडियमही १९२३ चेच आणि नावही मेमोरियल. ते थेट भूकंपप्रवण भेगेवर उभे असल्यामुळे मजबुतीकरण अपरिहार्य होते. सुमारे बत्तीस कोटी डॉलर खर्चून ते २०१२ मध्ये पुन्हा खुले झाले. पैसा उभारण्यासाठी मोक्याच्या आसनांचे चाळीस-पन्नास वर्षांचे हक्क चाळीस हजारांपासून दोन लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकण्याची योजना आखण्यात आली. संघ जिंकत राहील हे त्यामागचे गृहीतक होते. प्रत्यक्षात २०१२ मध्ये संघाला तीनच विजय मिळाले आणि २०१३ मध्ये केवळ एक. आसनांची विक्री अपेक्षेपेक्षा खूप कमी झाली. कर्ज मात्र राहिले, आणि अखेरीस त्याचा मोठा भाग विद्यापीठाच्या मध्यवर्ती प्रशासनाला आपल्या डोक्यावर घ्यावा लागला. खेळाच्या मैदानावरील पराभव वर्गखोल्यांच्या हिशेबवहीत कसा उतरतो, याचा हा वस्तुपाठ आहे.

सद्यःस्थिती

नेब्रास्काच्या पेचात आता एका नव्या खर्चाची भर पडली आहे. जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा व्यापारी मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट रक्कम देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. उपलब्ध पैसा खेळाडूंवर खर्च करावा की काँक्रीटवर, हा प्रश्न त्यामुळे अधिक टोकदार झाला. खेळाडू मिळाले नाहीत तर संघ सावरणार नाही; स्टेडियम सुधारले नाही तर प्रेक्षक टिकणार नाहीत.

दोन्ही निर्णयांत एक महत्त्वाचा फरक आहे. खेळाडूंची निवड चुकली तर ती दोन-तीन हंगामांत सुधारता येते. प्रशिक्षक बदलता येतो. नेब्रास्काने तो वारंवार बदललाही. एकदा पाडलेली बाजू आणि कमी केलेल्या दहा हजार जागा मात्र पुन्हा मिळत नाहीत. उद्या संघ पुन्हा अजिंक्य झाला, तर त्या जागांवर बसू शकला असता असा चाहता बाहेर राहील, आणि तो बहुधा वरच्या ओळीतलाच असेल. उलट बाके तशीच ठेवली, तर आज त्यावर बसलेली वृद्ध पिढी एकेक करून घरी राहू लागेल. मेमोरियल स्टेडियमने २०२३ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. येत्या काळात ते कोणासाठी उभे राहणार, याचा निर्णय त्या तीन इंचांवर येऊन थांबला आहे.